काट्यावरचं गाणं

नातवाने माझ्या तळहातावर एक चपटी डबी ठेवली आणि म्हणाला, "आजी, उघडून बघ." मी उघडली. आत कापसावर काटे मांडून ठेवले होते. सरळ, सारख्या लांबीचे, बुडाशी नीट कापलेले. "परदेशातून मागवलेत," तो म्हणाला. "जुन्या तबकड्यांना पोलादी सुई लावली की त्या खरवडून निघतात. जाणकार लोक काटाच लावतात." काट्याचा शोध जणू त्याच्याच खोलीत लागला होता, असा त्याचा चेहरा खुलला होता.

मी "छान आहेत हो" म्हणाले, डबी मिटली आणि माझे कान तापले. ऐंशीच्या घरात आलेल्या बाईचे कान लाजेने तापावेत ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण तापले खरे. लहानपणी हाच काटा दिसला की तापायचे, तसेच.

नातू पिंपळे सौदागरला राहतो, एका मोठ्या सोसायटीत, बराच वर. घरातली एक खोली त्याने जुने ग्रामोफोन आणि रेकॉर्ड प्लेअर यांना देऊन टाकली आहे. कंपनीतून आला की चहासुद्धा तिथेच घेतो. नातसून म्हणते, आमच्याकडे माणसांपेक्षा भोंगे जास्त झालेत. मला मात्र त्या खोलीत बसायला आवडतं. रॉकेलमध्ये धुतलेल्या लोखंडाचा वास, जुन्या बनातीचा कोंदट वास, चामड्याच्या वादीचा वास. दाराशी उभी राहून डोळे मिटले की मी कुरुळीतल्या आमच्या पडवीत जाऊन पोचते. त्याला एवढंच माहीत होतं, की पणजोबा फोनो दुरुस्त करायचे. आपल्या घरात कौतुकाने सांगायची तेवढीच गोष्ट मी त्याला सांगितली होती.

कुरुळी तेव्हा नुसतं शेतांचं गाव होतं. आता कंपन्यांच्या बस जिथून धावतात, त्या रस्त्याने कांद्याच्या बैलगाड्या चाकणच्या बाजाराला जात आणि त्यांच्या मागे सालपटं उडत राहत. माझे वडील, आबा, सकाळी शेतावर राबत आणि दुपारची भाकर खाऊन पडवीत फोनो उघडून बसत. चाकणहून, आळंदीहून, कुठल्या कुठल्या गावांहून माणसं डोक्यावर पेटी घेऊन येत. "आबा, बघा की, आवाजच गिळलाय हिनं." आबा पेटी उघडत आणि आधी वास घेत. बहुतेक वेळा आत गोडंतेल असायचं. बैलगाडीच्या आसाला वंगण देतात तसं लोक मायेने फोनोच्या पोटात शेंगदाण्याचं तेल ओतत. ते तेल काही महिन्यांत घट्ट होऊन डिंक व्हायचं आणि गाणारी बाई पुरुषाच्या आवाजात रडायला लागायची. आबा कोणाला नावं ठेवत नसत. "तुमी प्रेमानं दिलं, तिला पचलं न्हाई," एवढंच म्हणायचे.

मग सगळे भाग परातीत काढून रॉकेलने धुवायचे. सुई धरणाऱ्या साउंडबॉक्समधलं अभ्रकाचं गोल पान फुंकर घालून पुसायचं. त्याच्या कडेचं रबर वाळलं असेल तर सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून बसवायची. सगळं परत जागेवर गेलं की तबकडी फिरते ती ताटली सपाट बसली का ते बघायला आबा तिच्यावर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी ठेवत आणि गुडघे टेकून पाण्याकडे बघत बसत. ज्या बाजूला पाणी काठाला टेके, तिकडच्या पायाखाली चिंधीची घडी जायची. वेग बघायला ते ताटलीच्या कडेला मेणाने ज्वारीचा दाणा चिकटवत, चावी भरून सोडत आणि दाण्याचे फेरे मोजत. मोजणी खळ्यावर धान्य मापताना करतात तशी, लाभ, दोन, तीन. पहिल्या फेऱ्याला त्यांनी कधी एक म्हटलं नाही. खळ्यावरची सवय फोनोपुढेही सुटली नव्हती.

आणखी एक काम मला फार आवडायचं. एखादी तबकडी कुठेतरी अडकते आणि तोच एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत बसते, अशी तक्रार घेऊन कोणी आलं की आबा ती लावून शांत ऐकत. अडकण्याची जागा आली की उजव्या हाताची करंगळीजवळच्या बोटाचं पेर साउंडबॉक्सला हळूच टेकवत. ढकलत नसत, नुसता आधार देत. सुई पुढच्या रेघेत जायची आणि गाणं पुढे सरकायचं. "अडलेल्याला जरा हात लावायचा असतो," ते हसून म्हणायचे. दोनचार वेळा असं केलं की तबकडीलाही वळण लागायचं, मग ती आपली आपण पुढे जायची.

आबा हे सगळं हौसेने शिकले नव्हते. त्याला कारण माझी आत्या. आबांची एकुलती एक बहीण लग्न करून मुंबईला गेली, तिचा नवरा गिरणीत होता. चाळीत बायका जात्यावर बसल्या की आत्या ओव्या म्हणायची आणि खालच्या मजल्यावरचे लोक काम थांबवून ऐकायचे, असं सांगत. कोणा रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीच्या माणसाच्या कानावर ते गेलं. त्यांनी तिला बोलावून नमुन्याची एक तबकडी भरून घेतली. पुढे ती काही बाजारात आली नाही. तिला मात्र एक प्रत मिळाली, मधला गोल कागद कोरा, काही न छापलेला. तिची लेक, आमची इंदूअक्का, तेव्हा तान्ही होती. वर्ष उलटायच्या आत आत्या तापाने गेली. नवऱ्याने लेकरू आणि एक ट्रंक कुरुळीला पोचवली आणि तो पुन्हा आला नाही. ट्रंकेत आत्याच्या लुगड्यात गुंडाळलेलं एक काळं ताट होतं.

ते ताट नाही, त्यात बहिणीचा गळा आहे, हे आबांना कोणीतरी नंतर सांगितलं. तेव्हा त्यांनी चाकणच्या बाजारातून एक मोडका फोनो आणला आणि तो चालता होईपर्यंत दुसरं काही सुचू दिलं नाही. चालू झाल्यावर तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला, त्या दिवशी आबा जेवले नाहीत, असं आई सांगायची. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

काटा आला तो त्या तबकडीसाठी. पोलादी सुई तबकडीच्या एका बाजूला एकच वापरायची असते, नंतर तिचं टोक झिजून धार येते. गावाकडे तीच सुई लोक महिनोन् महिने चालवत. "वापरलेली सुई म्हंजी नांगराचा फाळ," आबा म्हणायचे. बहिणीच्या तबकडीवर फाळ चालवायचा नाही म्हणून ते बाभळीचे काटे आणत. उन्हाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठच्या बाभळींचे पांढरे, वाळलेले, लांब काटे निवडायचे. चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवून आणखी कडक करायचे. मग सहाणेवर तिरके घासून टोक काढायचं. हे घासण्याचं काम इंदूअक्काचं आणि माझं. सहाणेवर चंदनाऐवजी काटा घासला जायचा तो आवाज, आणि बोटांना येणारा बाभळीचा तुरट वास. काट्यावर आत्याचा आवाज बारीक यायचा. शेजारच्या खोलीत कोणी दळताना गातं आहे, आणि मधलं दार लोटलेलं आहे, असा.

ती तबकडी रोज वाजत नसे. भाऊबीजेला वाजायची. आबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून फोनोपुढे पाटावर बसत. आई पेटीला हळदकुंकू लावी. आबा स्वतः चावी भरत. आत्या गायला लागायची:

पल्याडच्या थडी
कोण मला हाक मारी
भाऊराया माझा
उभा नदीच्या किनारी

पुढेही ओवी होती. गाणं संपलं की आबा तबकडीच्या डब्यावर एक नवा खण ठेवत, बहिणीची ओवाळणी म्हणून. त्याच खणाची चोळी मग इंदूअक्काला शिवायची. तिच्या सगळ्या चांगल्या चोळ्या अशा तिच्या आईकडूनच आलेल्या होत्या. चोळी घालताना ती आधी कापड नाकाशी धरायची. मी विचारलं तर म्हणायची, "नव्या कापडाचा वास आवाडतो." मला ते खरं वाटायचं नाही.

घरात हे असं, आणि घराबाहेर मात्र आमची फजिती. तोवर पाचदहा घरांत फोनो आले होते आणि त्यांच्याकडे सुयांच्या चकचकीत डब्या असत. आमचा "काट्याचा फोनू". विहिरीवर पोरी विचारायच्या, "काय गं, तुमच्यात भाजी बी बाभळीचीच करत्यात का?" एकदा चाकणच्या बाजारात एका माणसाने भर गर्दीत आबांना विचारलं, "आबा, फोनूला काटा घालताय, मग पायात काय घालता?" सगळे हसले. आबाही हसले. मी त्यांच्या मागे उभी होते आणि खाली त्यांच्या अनवाणी पायांकडे बघत होते. इंदूअक्काने माझा हात धरला होता, तो तिने इतका आवळला की दुखला. गरिबीची लाज वाटू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना विहिरीवर पाणी भरायला जावं लागत नसावं.

इंदूअक्काला स्थळ आलं ते याच पिंपळे सौदागरचं. तेव्हा हे पवनेकाठचं लहान गाव होतं. मुलगा पिंपरीला निघालेल्या औषधांच्या नव्या कंपनीत लागलेला, शिफ्टमध्ये जाणारा. असं स्थळ आईबापाविना पोरीला चालून आलं म्हणून आई तर नुसती देवाचे आभार मानत फिरत होती. मध्यस्थाने निरोप दिला, की मुलाच्या आईला पोरीच्या आईची तबकडी ऐकायची आहे. पोरीची आई कोण होती, कशी होती, हे आता तेवढ्यातूनच कळणार होतं. आईने पडवी सारवली. इंदूअक्काने भाऊबीजेची चोळी काढून ठेवली.

पाहुणे दुपारी आले. मुलगा, त्याची आई आणि त्याचा मामा. मामा मोठा बोलका माणूस, त्याच्याकडे पुण्याहून आणलेला फोनो होता आणि ते त्याने चहा येण्याआधी दोनदा सांगितलं. इंदूअक्का पाटावर बसली, डोक्यावर पदर, मान खाली. नाव काय, भाकऱ्या येतात का, शाळा किती झाली. पाहायला आलेल्यांपुढे पोरीने मान वर करायची नसते आणि विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. मुलाची आई चांगली बाई होती. ती म्हणाली, "आता हिच्या आईचं गानं लावा, भाऊ. त्येवढ्यासाठी आल्ये मी."

आबांनी पेटी उघडली. मी सवयीने काट्यांची डबी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. कोपरीच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि तीतून एक पोलादी सुई काढून साउंडबॉक्सला लावली. चाकणच्या हॉटेलवाल्याकडून आणलेली होती ती, नंतर कळलं. वापरलेली. मी आबांच्या तोंडाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात चावी भरताना नेहमी संथ असायचा, त्या दिवशी घाई करत होता.

आवाज मोठा आला, एकदम सगळी पडवी भरून. "ह्यो आवाज," मामा मांडीवर थाप मारून म्हणाला, आणि तिथून तो बोलतच राहिला, त्याच्या फोनोविषयी, पुण्याच्या दुकानाविषयी. आत्याच्या आवाजाखाली दुसराच एक आवाज येत होता, वाळूवरून पत्रा ओढावा तसा. इंदूअक्काची बोटं पदराच्या टोकाशी थांबली. मग "भाऊराया" आलं आणि तिथेच राहिलं. भाऊराया. भाऊराया. भाऊराया. मामा हसायला लागला. "अडाकली की वो तुमची भैन. भावाला काय सोडंना."

सगळ्या पंचक्रोशीच्या तबकड्यांना जे बोट लागत होतं, ते मी आबांच्या मांडीवर बघत होते. ते उठलं नाही. बराच वेळ आत्या भावाला हाक मारत राहिली आणि भाऊ समोर बसून होता. शेवटी त्यांनी साउंडबॉक्सच उचलून बाजूला ठेवला. पाहुण्यांनी गूळ खाल्ला, पोरगी पसंत आहे असं सांगितलं आणि ते गेले.

त्यानंतर आबांनी तबकडी अंगणात नेऊन उतरत्या उन्हात तिरकी धरली. तिच्यावर एक पांढरी रेघ आडवी उठली होती. त्यांनी ती बोटाने एकदा चाचपली आणि तबकडी लुगड्यात गुंडाळली. आई चुलीपाशी होती. ती मोठ्याने काही म्हणाली नाही, पण आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पावन्यांपुढं मिरवायला भैनीचा गळा कापला." आबांनी ऐकलं. इंदूअक्का भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला आणि परत चालू झाला.

आईचं हे वाक्य आमच्या घरात कायमचं राहायला आलं. भांडण कशावरूनही निघो, ते तिथे जाऊन थांबायचं. मीही मनातून आईच्याच बाजूची होते. लोकांच्या हसण्याला घाबरून या माणसाने आपल्या सख्ख्या बहिणीचा आवाज मोडून टाकला, असं मला वाटायचं, आणि आबा समोर आले की माझ्या बोलण्यात ते उतरायचं. लग्नात त्यांनी तबकडी इंदूअक्काच्या ट्रंकेत ठेवली, तर तिने ती काढून परत त्यांच्या हातात दिली. "मामा, हितंच ऱ्हाऊ द्या." मला वाटलं, तिने त्यांना माफ केलेलं नाही. ती दिवाळीला माहेरी आली की आबा शेतावर निघून जात. मला वाटलं, तिला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटते. भाऊबीजेला ते डब्यावर खण ठेवत राहिले, पण तबकडी लावली नाही. दुसऱ्यांचे फोनो दुरुस्त करत, पण तेही वाजवून बघेनासे झाले. दाण्याचे फेरे मोजत, लाभ, दोन, तीन, आणि पेटी मिटून म्हणत, "घरी जाऊन वाजवा." आबा गेले तेव्हा फोनो गंजून गेला होता. तबकडी मी घेऊन आले. माझं घर संत तुकाराम नगरला. इतकी वर्षं ती तिथे कपाटाच्या तळाशी होती आणि ओवीचे पुढचे शब्द मला आठवत नाहीत, असं मी स्वतःला सांगत होते.

नातवाने ती काट्यांची डबी दाखवली त्याच्या पुढच्या रविवारी मी तबकडी पिशवीत घालून त्याच्याकडे नेली. त्याला म्हटलं, "हिला तुझा तो काटा लाव. पण आधी इंदूआजीला घेऊन ये." इंदूअक्का तिथून चार गल्ल्या पलीकडेच राहते, जुन्या गावठाणातल्या तिच्या घरात. तिच्या सासरच्या वावरांवरच या सोसायट्या उभ्या आहेत. तो तिला गाडीतून घेऊन आला. लिफ्टमध्ये तिला भोवळ येते, म्हणून ती वर आली ती कुरकुरतच.

खोलीत शिरल्यावर तिने चावीचा ग्रामोफोन बघितला, माझ्या मांडीवरचं लुगड्याचं बोचकं बघितलं आणि खुर्चीत बसली. नातवाने कौतुकाने तिच्यापुढे डबी धरली. तिने एक काटा उचलून उजेडात धरला, अंगठ्यावर टोक टेकवून पाहिलं. "एवड्या लांबनं आनलास व्हय रे? वड्याला किती पडल्यात." मग काटा परत ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती सुई मी लावाय सांगितली व्हती."

मला कळलं नाही. ती पुढे बोलली. "आदल्या दिशी. मामा वसरीला बसल्याला. मी म्हनले, मामा, उद्या पावन्यांपुढं काटा लावू नगा. ती हसतील. मला लई लाज वाटती. मामानं उठून टोपी घातली आन् चाकनला गेला."

"मग तू कधी बोलली का नाहीस गं?"

"मामानं शपत घातली. म्हनला, पोरीनं हातानं आईचा आवाज घालावला आसं सासरी कुनी म्हनायला नगं. आन् घरात बी न्हाई. माझ्यावर येऊ दे म्हनला." ती पदराने डोळे नाही, हात पुसत होती. "मामी बोलायची तवा मी भाकऱ्या थापत बसायची. मामा वावरात जायचा तो त्येला बोलल्यालं मला बघाय लागू नये म्हनून. मी माहेरी गेले की मामी पुन्हा त्येच काढायची ना."

आबांच्या पुढ्यात मी ताट आपटून ठेवायची, ते सगळे आवाज माझ्या कानात आले. त्यांनी एकदाही मान वर करून म्हटलं नाही, की पोरी, तसं नव्हतं. मला इतकी शरम वाटली की नातवासमोर बसवेना. तो बिचारा काटा हातात धरून आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

"लाव," इंदूअक्का त्याला म्हणाली.

त्याने ताटलीवर पाण्याची वाटी ठेवून पाहिली. जुने ग्रामोफोन जमवणाऱ्या कुठल्याशा मंडळींकडून तो हे शिकला होता. वाटी काढून त्याने तबकडी ठेवली, चावी भरली, काटा टेकवला. आधी नुसती खरखर आली. मग तो आवाज आला, बारीक, लोटलेल्या दारापलीकडून. इंदूअक्का आता तिच्या आईपेक्षा कितीतरी म्हातारी आहे. तिने मान खाली घातली, पाटावर बसल्यासारखी. पल्याडच्या थडी, कोण मला हाक मारी, आणि मग ठरल्यासारखं, भाऊराया. भाऊराया. भाऊराया.

नातू काटा उचलायला पुढे झाला. इंदूअक्काने त्याचं मनगट धरलं आणि त्याला बाजूला केलं. ती खुर्चीतून वाकली. हात तिने ग्रामोफोनच्या कडेला टेकवला आणि बोट साउंडबॉक्सला लावलं. ढकललं नाही. नुसता आधार दिला.

भाऊराया माझा
उभा नदीच्या किनारी

भरली गं नदी
नाही मागत मी नाव
माझ्या लेकीला दाव
तुझ्या अंगणाचा ठाव

इतकंच होतं. इतकं सोपं होतं. त्या दुपारीच एक बोट लागलं असतं तर पाहुण्यांच्या देखत आत्या पुढे गेली असती. आबांना ते माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण लेकीसाठी भावाचं अंगण मागणारी ती पुढची ओवी त्या पोरीच्या कानावर पडली असती, जी खाली मान घालून आपल्याच शब्दांच्या लाजेने बसली होती, आणि ते त्यांना त्या क्षणी सोसलं नसावं. पुढेही सोसलं नसावं. मला एवढंच कळतं, आणि तेही फार उशिरा.

गाणं संपून काटा मधल्या कोऱ्या जागेत फिरत राहिला. कोणी उचलला नाही. इंदूअक्काने बोट तिथेच ठेवलं होतं. ती ग्रामोफोनकडे बघत, अगदी हळू, समोर कोणी बसलं असावं तसं म्हणाली, "मामा, गेली बघा पुढं."

मी उठले आणि पुन्हा चावी भरायला घेतली.